पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या आणि आमच्या अभ्यासिकेत शिकून मोठा झालेला एक तरुण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "जय भीम ताई. एक आनंदाची बातमी आहे. कुत्र्याचं पिल्लू घेतोय. शीत्झू. दोन हजार रुपये ॲडव्हान्सही दिला. पंचेचाळीस दिवसांचं आहे, शनिवारी घरी येतंय."

या मुलाला नुकतीच नोकरी लागली आहे. पहिल्या पगारात त्याने आईला साडी घेतली, दुसऱ्या पगारात विहाराला पंखा दिला. तिसऱ्या पगारात स्वतःची हौस करावीशी वाटली, तर त्यात वावगे काहीच नाही. त्याच्या आनंदावर विरजण घालू नये असे मनात आले, पण तोंडातून निघून गेलेच, "पंचेचाळीस दिवसांचं? अरे, मग अजून दीड महिना राहू दे की त्याला त्याच्या आईजवळ!"

तो हसला. त्याला वाटले, ताई गंमत करते आहे.

या पानावर मी आजवर बचत गटांचे हिशेब, मुलींची वसतिगृहे, शिष्यवृत्तीचे अर्ज अशा विषयांवर लिहीत आले. आज कुत्र्याच्या पिल्लावर लिहायला बसले तर काही भगिनी म्हणतील, बाईंचे विषय संपले वाटते! परंतु आपल्या वस्त्यांतून, नव्या गाळ्यांतून आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून आता ही लहान लहान कुत्री दिसू लागली आहेत. पॉमेरियन, पग, शीत्झू, क्वचित चिव्हावा. पिल्लू आणताना रंग बघितला जातो, भाव केला जातो, फोटो काढला जातो. वय मात्र कोणी नीट विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते. म्हणजे विचारले होते, पण मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवला होता.

आमच्या घरी ही चूक घडली २०१९ च्या डिसेंबरात. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्षभर तिचा एकच हट्ट होता, कुत्रा पाहिजे. खरे सांगायचे तर हट्ट तिचा असला तरी हौस माझीही होती. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा मी शाळेत होते. त्यातल्या पांढऱ्या टफीने सगळ्यांना वेड लावले होते. त्या वेळी ज्या बंगल्यांत माझी आई धुणीभांडी करायची, त्यांपैकी एका घरी तसेच पांढरे कुत्रे होते. (अशा कुत्र्यांना आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो, पण आपल्याकडची बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, खरा पॉमेरियन याहून बराच लहान.) मी फाटकाबाहेर आईची वाट पाहत उभी राहायची आणि ते आतून माझ्याकडे बघायचे. पुढे २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो पग आला आणि घरोघरी पगची मागणी सुरू झाली. आपल्या हौशी अशा कुठून कुठून येतात! माझी त्या फाटकातून आलेली होती हे मी मान्य करते.

तर शहरातल्या एका विक्रेत्याकडून आम्ही पिल्लू आणले. "मिनिएचर पॉमेरियन आहे, मोठंच होत नाही," तो म्हणाला. वय विचारले तर म्हणाला, "दोन महिने पूर्ण." आई कुठे आहे विचारले तर म्हणाला, "ती बाहेरगावी, फार्मवर." तळहातावर मावेल एवढा तो जीव. घरी येऊन किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर ४३० ग्रॅम भरला. मुलीने नाव ठेवले चिंगी.

माझी आई तेव्हा आमच्याकडेच होती, आजही आहे. तिचे माहेर भंडारा जिल्ह्यातले. तिने चिंगीला एकदा हातात घेतले, पालथे-उताणे केले आणि मला म्हणाली, "काहून वो बाई, येवढंसं लेकरू मायच्या अंगावरून ओढून आनलं? याले अजून खाता बी येत नाही. बकरीचं पिल्लू बी आमी असं तोडत नव्हतो." मी तिला म्हटले, "आई, ही जातच अशी लहान असते." आई गप्प बसली. सोळा वर्षे शिकलेल्या मुलीपुढे न शिकलेली आई गप्प बसते, तशी.

पुढचे चार दिवस लिहायला मला जड जाते. सकाळी आम्ही वाटीत गायीचे दूध ठेवून कामावर जायचो. गायीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात हे ठाऊक नव्हते. दुपारी आई भात कालवून भरवायची, ती दोन शिते खायची. रात्री रडायची. नागपूरची डिसेंबरातली थंडी वाचकांना सांगायला नको. जुन्या शालीत गुंडाळून खोक्यात ठेवले होते, पण चार-पाच भावंडांच्या आणि आईच्या उबेत झोपणाऱ्या जीवाला एक शाल कुठे पुरणार? पाचव्या दिवशी पहाटे मुलगी ओरडली. चिंगी एका कुशीवर पडून पाय झाडीत होती. अंग गार, हिरड्या पांढऱ्या फटक.

ऑटो करून जनावरांच्या दवाखान्यात नेले. तेथील तरुण डॉक्टरबाईंनी आधी रक्ताचा एक थेंब घेऊन साखर तपासली. माणसांची तपासतात त्याच छोट्या यंत्राने. साखर पार उतरली होती. सलाईनमधून ग्लुकोज सुरू केले. मग त्यांनी चिंगीचे ओठ वर करून मला दात दाखवले. पुढचे दात जेमतेम टोके काढीत होते, दाढांचा पत्ता नव्हता. म्हणाल्या, "मॅडम, आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात आलेले असतात. हे पिल्लू फार तर पाच आठवड्यांचं आहे. चार दिवसांपूर्वी तुम्ही आणलं तेव्हा महिन्याचंच असेल."

दुपारपर्यंत चिंगी उठून बसली. मुलीचे बोट चाटले. आम्ही आनंदाने घरी आणली. परंतु जुलाब थांबले नाहीत, अंगात जंत होते, ताकद नव्हतीच. दोन दिवसांनी पुन्हा साखर उतरली आणि या वेळी दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी ती गेली. ऑटोत मुलीच्या मांडीवरच.

मुलगी माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला, "आई, तिची आई तिला शोधत असेल का?"

या प्रश्नाने मला माझ्या बाळंतपणाच्या रजेत नेऊन सोडले. २०१० मध्ये ही मुलगी झाली तेव्हा मी एका खाजगी कार्यालयाच्या हिशेब विभागात कारकून होते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याप्रमाणे रजा १२ आठवडे. बाळाजवळ जास्त दिवस राहता यावे म्हणून दिवस भरेपर्यंत कामावर गेले. तरीही मुलगी अकरा आठवड्यांची असताना कामावर हजर व्हावे लागले. अकरा वाजले की पदर ओला व्हायचा. लेजरवर मान घालून बेरजा करायची आणि घड्याळ बघायची. तिकडे माझी आई वाटी-चमच्याने तिला पाजायची.

महिला मंडळात आम्ही दर वर्षी सांगतो की परमपूज्य बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. हा इतिहास मी अनेकदा भाषणात सांगितला आहे. आणि तीच मी, एका महिन्याचे लेकरू त्याच्या आईपासून तोडून पैसे देऊन घरी घेऊन आले! माणसाची आई आणि कुत्र्याची आई एका तागडीत तोलू नयेत, असे कोणी म्हणेल. तोलत नाही. पण मुलीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, हेही खरे.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. बी.कॉम.च्या बाईला जनावरांचे शास्त्र काय कळणार, पण दवाखान्यातल्या त्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या. मी जाऊन बसायची, विचारायची, वहीत लिहून घ्यायची.

त्यांनी समजावले ते असे. कोणतेही पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक पिते. त्या चिकातून रोगांशी लढण्याची तयार शक्ती त्याला मिळते. ती काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास लसीकरण सुरू होते, पण चिकातली शक्ती अंगात शिल्लक असेल तर ती लसीला नीट लागू पडू देत नाही. म्हणून एका लसीवर भागत नाही. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांना. पार्वो नावाचा रक्ताच्या जुलाबाचा जो रोग पिल्लांना पटापट मारतो, तो याच मधल्या काळात गाठतो. महिन्या-दीड महिन्याचे पिल्लू बाजारातल्या पिंजऱ्यात, दहा ठिकाणच्या दहा पिल्लांबरोबर ठेवले की काय होणार ते सांगायला नको.

हे सर्व कुत्र्यांना लागू आहे. मोठ्या जातीचे, म्हणजे लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू आठ आठवड्यांचे आणले तर ते बहुधा निभावते. लहान खेळण्यासारख्या जातींचे मात्र वेगळे. या पिल्लांच्या अंगावर चरबी नसते, यकृत इवलेसे, त्यात साखरेचा साठा थोडा. मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा आणि त्याला सतत साखर लागते. दोन वेळचे खाणे चुकले, थंडी वाजली, जंत झाले, नव्या घराची भीती वाटली, एवढ्यानेही त्यांची साखर घसरते. आधी ती सुस्त होतात, मग डुलत चालतात, मग थरथरतात, मग झटके येतात. म्हणून त्यांना दर तीन-चार तासांनी थोडे थोडे खायला लागते. हा धोका तीन-चार महिन्यांत पुष्कळ कमी होतो. यासाठीच अशा जातींची जाणती माणसे बारा आठवड्यांआधी पिल्लू हातातून सोडत नाहीत.

कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये केंद्र सरकारने श्वानांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. त्याप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे आपल्याकडे सर्रास चालणारे ते "पंचेचाळीस दिवस" कायद्यातच बसत नाहीत. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. हिशेब साधा आहे. आणि हे छप्पन्नही किमान आहेत, आदर्श नव्हेत. किमान वेतन आणि पुरेसे वेतन यांतला फरक आपल्या वाचकांना मी काय सांगू!

विक्रेत्याला घाई का असते तेही त्याच हिशेबात आहे. पिल्लू जितके लहान दिसेल तितके लवकर खपते. तीन महिन्यांपर्यंत ठेवायचे तर दीड महिन्याचे खाणे, दोन लसी, जंताचे औषध, सगळा खर्च त्याच्या अंगावर. शिवाय "टीकप" म्हणून जादा पैसे उकळता येतात ते वेगळेच. टीकप नावाची कोणतीही मान्यताप्राप्त जात नाही. एक तर ते वयाने लहान असते, नाही तर अशक्त.

आता एक गोष्ट मला सुरुवातीला गोंधळात टाकीत होती. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून निरीक्षणे केली आणि १९६५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. पिल्लू जगाशी ओळख करून घेते तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा, असे त्यातून पुढे आले. मग बारा आठवडे थांबलो तर तो काळ संपून जात नाही का? डॉक्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आठवडे किती झाले हे विचारता, तसं ते आठवडे कुठे गेले हेही विचारा." पिंजऱ्यात बारा आठवडे काढलेले पिल्लू भित्रे, चावरे निघू शकते. माणसांच्या घरात, भांड्यांच्या आवाजात, पोराबाळांत आणि आपल्या आई-भावंडांत बारा आठवडे काढलेले पिल्लू सगळे शिकून येते. जोराने चावले की भाऊ केकाटतो आणि खेळ मोडतो, आई गुरकावते, हे त्याला माणूस शिकवू शकत नाही.

दुसरा टॉबी आमच्या घरी आला तो असा. 'दुसरा' का, ते पुढे सांगते.

२०२२ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पॉमेरियनला १७ जुलै रोजी तीन पिल्ले झाली. ओळखीतून कळले. मुलगी आता बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, आधी पिल्लाची आई बघायची." बाई फार कडक. पहिल्याच भेटीत त्यांनीच आमची मुलाखत घेतली. घरी दिवसभर कोण असते? कितव्या मजल्यावर राहता? रोज खर्च झेपेल का? आणि शेवटी, "बारा आठवड्यांआधी मिळणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे बघा." मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले.

आम्ही रविवारी वंदना झाली की त्यांच्याकडे जायचो. चौथ्या आठवड्यात पिल्ले धडपडत चालू लागली. सहाव्या आठवड्यात आई अंगावर घ्यायला टाळू लागली. पिल्ले मागे लागली की उठून उभी राहायची. तोडायचे ते तीच तोडत होती, हळूहळू. गणेशोत्सवात त्यांच्या गल्लीत ढोल वाजत होते. तेव्हा पिल्ले दचकून आईकडे बघायची आणि आई मान टाकून निवांत पडलेली असायची. मग तीही पडायची.

९ ऑक्टोबरला बारा आठवडे पूर्ण झाले. पण ५ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन नुकताच झाला होता. दीक्षाभूमीवर लोटलेल्या जनसागरात मंडळाच्या भोजनदानाच्या कामाने आम्ही सगळे थकलेलो आणि बाहेरगावचे पाहुणे अजून घरात. गर्दीच्या घरात नवे पिल्लू नको म्हणून आठवडाभर थांबून १६ तारखेला आणले. वजन सव्वा किलो. दोन लसी झालेल्या. बाईंनी त्याच्या आईच्या अंगाखालचे फडके बरोबर दिले आणि पंधरा दिवसांचे तेच खाणे, कारण घर बदलले तरी खाणे एकदम बदलू नये.

मी पाच दिवसांची अर्जित रजा टाकली. आमचे वरिष्ठ म्हणाले, "काय मॅडम, कुत्र्याच्या बाळंतपणाची रजा का?" सगळे कार्यालय हसले. मीही हसले. घरी एक वही केली आणि लेजरसारखे रकाने पाडले. वेळ, खाणे, शी, वजन. दिवसातून चार वेळा खाणे, निजताना थोडे आणखी. फ्रिजवर मधाची बाटली ठेवली होती. पिल्लू डुलताना दिसले तर बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळायचा, बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचे नाही, गुंडाळून दवाखाना गाठायचा, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावले. ती बाटली एकदाही लागली नाही. दिवाणाच्या कडेला उशा लावल्या, कारण या जातींची पुढच्या पायांची हाडे काडीसारखी असतात, साध्या उडीनेही मोडतात. आठच दिवसांनी दिवाळी आली. फटाके वाजले की टॉबी एकदा मान वर करून आईकडे, म्हणजे माझ्या आईकडे बघायचा. ती सुपारी कातरीत बसलेली असायची. मग तो परत झोपायचा.

नावावरून मात्र थोडे वादळ झाले. १९३४ च्या फेब्रुवारीत राजगृहावर काढलेले बाबासाहेबांचे कौटुंबिक छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात यशवंतराव, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. ते छायाचित्र आमच्या घरी आहे. मुलीने त्यावरूनच नाव ठेवले. मंडळातल्या एका ज्येष्ठ उपासकांना हे रुचले नाही. "बाबासाहेबांच्या घरातलं नाव असं कुठेही लावायचं?" ते म्हणाले. आणखी एक म्हणाले, "समाजात पोरांच्या फीला पैसे नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांना बिस्किटं चारता." दुसरे बोलणे मला लागले, कारण ते पूर्ण खोटे नाही. त्या महिन्यापासून टॉबीवर जेवढा खर्च होतो तेवढीच रक्कम अभ्यासिकेच्या पेटीत टाकायची असे घरात ठरले. कधी जमते, कधी राहून जाते.

पण सर्वांत अवघड बोलणे आईचे होते. एके रात्री टॉबी तिच्या पायाशी निजला असताना ती म्हणाली, "आमच्या गावात पाटलाच्या वट्यावर कुत्रं निजे. माह्या बापाले मात्र पायरीखाली उभं राहून जोहार घालावं लागे. म्हनून मले कुत्र्यायचा राग ये." महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता, हे आपण १९२७ च्या सत्याग्रहासंदर्भात पुस्तकात वाचतो. आईने ते पायरीखालून पाहिले होते. मी म्हटले, "मग याला जवळ कशी घेतेस?" ती म्हणाली, "याचा काय दोष? वटा पाटलाचा होता."

त्यावरून मला रविवारच्या वर्गात कुक्कुर जातक सांगायचे सुचले. राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले, म्हणून नगरातली सगळी कुत्री मारण्याचा हुकूम झाला. फक्त राजवाड्यातली, चांगल्या कुळातली कुत्री वगळून! तेव्हा कुत्र्याच्या रूपातील बोधिसत्त्व राजापुढे गेला. वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि कुश गवत चारायला लावले आणि चामड्याचे तुकडे त्यांच्याच पोटातून बाहेर पडले. मुले खूप हसली. मग एक मुलगा म्हणाला, "टीचर, तुमचा टॉबी कोणत्या जातीचा?" आपल्या भाषेत कुत्र्यालाही 'जात' हाच शब्द आहे, त्याला इलाज नाही. माझी मुलगी मागच्या रांगेतून म्हणाली, "पुढच्या वेळी आम्ही गल्लीतलं आणणार." बघू या. तेव्हाही ते आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे, एवढे मी पाहीन.

तर तो नोकरी लागलेला मुलगा. त्याला मी तिथेच विहाराच्या पायरीवर बसवले आणि विक्रेत्याला फोन लावायला सांगितला. आवाज मोठा करून ठेवला. मी विचारले, "पिल्लाची आई बघायला मिळेल का?" तो म्हणाला, "ती दुसऱ्या गावाला आहे, मॅडम." मी म्हटले, "मग बारा आठवडे झाल्यावर द्या, तोवरचा खाण्याचा खर्च आम्ही देतो." तो म्हणाला, "तेवढं मोठं झाल्यावर मग मजा काय राहते? शनिवारी न्यायचं तर न्या, गिऱ्हाईक तयार आहे." लसीचे कार्ड विचारले तर लाइन तुटली.

मुलगा बराच वेळ फोनकडे बघत राहिला. दोन हजार रुपये त्याच्यासाठी लहान रक्कम नाही. मी त्याला चिंगीचा फोटो दाखवला. मुलीने काढलेला तो एकच आहे.

बुधवारी त्याचा फोन आला. ॲडव्हान्स परत मिळाला नाही, मिळेल असे दिसतही नाही. मी टॉबीच्या त्या शिक्षिकेला कळवले होते. त्यांच्या ओळखीच्या एका घरी शीत्झूची कुत्री व्याली आहे, चार पिल्ले, आज एकोणीस दिवसांची. डोळे उघडले आहेत. त्या घरच्यांनीही बारा आठवड्यांचीच अट घातली आहे. येत्या रविवारी वंदना झाली की तो मुलगा, त्याची आई आणि मी बघायला जाणार आहोत. हे बोलणे कानावर पडले तेव्हा आतून आईचा आवाज आला, "मले बी ने वो. मी बघतो माय कशी आहे ते."